सुरी पात्याकडून धरणारी आई

चेलो हे वाद्य आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले असेल. ते व्हायोलिनच्याच घराण्यातले, पण आकाराने बरेच मोठे. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो. चार तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. आवाज माणसाच्या गळ्याच्या जवळचा. जुन्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांत आपण तो ऐकलेला असतो, नाव मात्र ठाऊक नसते.

२०२२ साली वॉर्नर क्लासिक्स कंपनीने चेलोचा एक अल्बम काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘घर कुठे आहे’. वादक एबेल सेलाओच्वे. जन्म १९९२ चा, दक्षिण आफ्रिकेतील सेबोकेंग या काळ्या लोकांच्या वसाहतीतला. वर्णभेदी राजवटीत गोऱ्यांच्या शहरात राबायचे आणि मुक्कामाला शहराबाहेर जायचे, असा कायदा होता. वस्तीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जवळच्या शार्पव्हिलला २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. १९८४ साली भाडेवाढीविरुद्ध सेबोकेंगही पेटून उठले.

अशा वस्तीतला हा मुलगा थोरल्या भावाच्या मागोमाग सोवेटोच्या संगीतवर्गात जाऊ लागला आणि पुढे इंग्लंडमधील मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात शिकला. या अल्बममध्ये तो जर्मनीचा बाख आणि इटलीचा प्लाती वाजवतो. दोघेही सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे. त्यांच्याच शेजारी त्याच्या स्वतःच्या रचना आहेत. वाजवता वाजवता तो आपल्या भाषेत गातो, खोल घोगरा कंठस्वर लावतो.

‘का बोहालेंग’ ही त्यातली एक रचना. सेसोथो भाषेत म्हण आहे : लेकराची आई सुरी पात्याकडून धरते. धार लेकराला लागू नये म्हणून ती स्वतःच्या मुठीत घेते. धुणीभांडी करून, फीचे पैसे पदराच्या गाठीला बांधून मुलांना शाळेत धाडणाऱ्या आया आपल्या चाळीचाळीत आहेत. त्यांना ही म्हण कोणी समजावून द्यायला नको.

काहीजण म्हणतील, हे बड्या लोकांचे संगीत, आपल्याला काय त्याचे? आम्ही विचारतो, ते बड्यांचे ठरवले कोणी? वाद्य शिकायला पैसा लागतो, गुरू लागतो, वेळ लागतो. ज्यांना हे मिळाले नाही, त्यांना कानच नाही असे म्हणणे हा अन्याय आहे. एबेलने बाख आत्मसात केला, पण त्यासाठी मायबोली सोडली नाही. दोघांना त्याने एकाच सतरंजीवर बसवले.

घरातले पोर ताटावर चमच्याने ताल धरत असेल, तर लगेच खेकसू नका. आधी ऐका. एखाद्या रविवारी हा अल्बम मोबाइलवर लावा. घरातल्या आजीलाही जवळ बसवा आणि त्या म्हणीचा अर्थ तिलाच विचारा. पोरांना तो आमच्यापेक्षा ती चांगला सांगेल.