लागेल तेवढं

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. पांढरा टी-शर्ट घातलेला एक पोरगा पाण्याच्या ग्लासात मल्टिव्हिटॅमिनची गोळी टाकतो. थोड्या वेळात गोळी फुटते आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. पोरगा कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "हा चुना तुम्ही रोज गिळता." खाली लिंक असते. लिंकवर एक बरणी, 'झीरो फिलर', ६० कॅप्सूल, ८९९ रुपये.

मी ती बरणी घेतली होती, आधीच सांगून टाकतो. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला माणूस त्या ग्लासाला भुलला. कारण साधं होतं. मी खामगावच्या घरून काम करतो आणि ऊन अंगावर पडतं ते पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातो तेवढंच. रक्ताच्या रिपोर्टमध्ये बी-१२ आणि डी दोन्ही तळाला. आईचंही तेच. अशा वेळी कुणी म्हणालं की तुझ्या गोळीत भेसळ आहे, तर माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस पैसे देतो.

बरणी आल्यावर मागचं लेबल वाचलं. जीवनसत्त्वांच्या खाली लिहिलं होतं : तांदळाचं पीठ. कॅप्सूलचं कवच हायप्रोमेलोजचं, म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजचं. फिलर काढून टाकला आणि त्या जागी फिलर भरला. फक्त नाव घरगुती.

आता जरा हिशोब करू. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ पुरतं. एक ग्रॅम बी-१२ या हिशोबाने एका माणसाला सुमारे १,२४५ वर्षं जाईल. आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं खोदलं गेलं, त्या सुमारास कुणी ती पुडी उघडली असती तर ती आत्ता कुठे संपत आली असती. डॉक्टर लिहून देतात ती १,५०० मायक्रोग्रॅमची गोळीही धरा : दीड मिलिग्रॅम. आठवड्याला एक घ्यायची ती डी-३ची ६०,००० युनिटची कॅप्सूल? तीही दीडच मिलिग्रॅम. हे मोहरीच्या दाण्याहून हलकं वजन चिमटीत धरता येत नाही, यंत्राला मोजून प्रत्येक गोळीत सारखं टाकताही येत नाही. म्हणून ते कशात तरी मिसळावं लागतं. बी-१२च्या गोळीत ९९ टक्क्यांहून जास्त वजन 'इतर' गोष्टींचं असतं आणि त्यात लबाडी नाही. तसं नसतं तर एका गोळीत दहा दिवसांचा डोस आणि दुसरीत शून्य, असा प्रकार झाला असता.

आणि तो ग्लास! औषधांच्या प्रमाणग्रंथात, म्हणजे भारतीय फार्माकोपियात, गोळी फुटण्याची परीक्षा आहे. ३७ अंशांच्या पाण्यात साधी गोळी १५ मिनिटांत विखुरली पाहिजे. नाही विखुरली तर नापास. म्हणजे रीलमधली गोळी कॅमेऱ्यासमोर पास होत होती आणि पोरगा तिला चोर म्हणत होता. न फुटणारी गोळीच खरी फसवणूक, कारण ती जशी जाते तशीच बाहेर पडते.

गाळात काय असतं? बहुतेक मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात, कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासूनही करतात. हे आईला सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. "म्हंजे कापूसच खाऊन रायलो म्हना आपन!" ज्या गावासाठी इंग्रजांनी १८७० साली फक्त कापूस न्यायला जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला, त्या गावातल्या बाईला यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. मॅग्नेशियम स्टिअरेट भुकटी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात, सिलिका ती मोकळी वाहावी म्हणून. सगळं चिमूटभर.

इथपर्यंत वाचून कुणी फार्मावाला मान डोलावत असेल तर थांबा. फिलर निरुपद्रवी असतात, प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जास्त मोठं आहे.

घरातली कुठलीही औषधाच्या परवान्यावर विकली जाणारी व्हिटॅमिनची पट्टी घ्या आणि मागची बारीक अक्षरं मोबाइलने मोठी करून वाचा. जीवनसत्त्वं मिलिग्रॅममध्ये दिलेली, रंगाचं नाव दिलेलं, आणि मग शेवटी बहुधा दोनच शब्द : एक्सिपियंट्स क्यू. एस. हे लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'लागेल तेवढं'. कशाचं लागेल? ते लिहिलेलं नाही. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मैद्यापासून इमल्सिफायरच्या आयएनएस नंबरापर्यंत सगळं उतरत्या क्रमाने छापावं लागतं. त्या ८९९च्या बरणीतलं तांदळाचं पीठ मला पकडता आलं, तेही ती अन्नाच्या परवान्यावर विकली जाते म्हणूनच. मात्र त्याच बरणीवर 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं असतं. म्हणजे एकीकडे यादी आहे, दुसरीकडे कडक परीक्षा आहे, आणि दोन्ही एकत्र मिळतील अशी वस्तू मेडिकलच्या फळीवर शोधून सापडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याची लायब्ररी वापरली तर तिचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतो. कारण घोटाळा बऱ्याचदा आपल्या कोडमध्ये नसतो, खालून आलेल्या कुठल्यातरी तुकड्यात असतो. औषधातही तेच झालेलं आहे आणि आपल्याच राज्यात झालेलं आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची चिरफाड केली. जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंडं बंद पडलेल्या अवस्थेत नागपूरला आणली जात होती. वीसहून जास्त मुलं गेली. खोकल्याच्या त्या सिरपमध्ये तेच द्रव्य ४८.६ टक्के निघालं. चालतं ०.१ टक्का. मुलांना मारलं ते लेबलवर ठळक छापलेल्या औषधाने नव्हे, सिरप पातळ करायला घातलेल्या 'लागेल तेवढ्या'ने.

व्हिटॅमिनची गोळी म्हणजे विषारी सिरप नव्हे. पण साखळी तीच आहे. ऑगस्ट २०२४ची केंद्रीय औषध नियंत्रकांची नापास नमुन्यांची यादी आठवा : सुमारे ५० औषधं, आणि त्यांत कॅल्शियम-डी३च्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि क जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल होत्या.

टायटॅनियम डायऑक्साइडचंही बघा. याचं मुख्य काम, गोळी पांढरीशुभ्र दिसावी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१मध्ये सांगितलं की हे अन्नात सुरक्षित आहे असं आता म्हणता येत नाही, आणि २०२२पासून तिथे ते अन्नात बंद झालं. औषधात मात्र पर्याय मिळेपर्यंत चालू ठेवलं. धोका किती यावर वाद होऊ शकतो. पण ज्या गोष्टीचा उपयोग मुख्यतः दिसण्यापुरता, तिच्यासाठी एवढाही वाद कशाला ओढवून घ्यायचा?

आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात. इथल्या चांदीच्या दुकानात लहान पोरालाही ठाऊक असतं की निव्वळ चांदी मऊ असते, दागिना टिकायला तांबं घालावं लागतं. ९२.५ टक्के चांदी असलेल्या दागिन्यावर '९२५' असा शिक्का असतो. तांबं घातलं म्हणून सराफाला कुणी चोर म्हणत नाही. किती घातलं ते सांगितलं नाही तर मात्र गिऱ्हाईक पायरी उतरून जातं. 'उरलेलं लागेल तेवढं' असा शिक्का मारून इथे एक पैंजण तरी विकून दाखवा.

हे सगळं मी का धरून बसलो ते सांगतो. आई एकादशी करते, शेगावची वारी करते, आयुष्यात कधी अंडं खाल्लं नाही. तिची डीची कॅप्सूल जिलेटिनची निघाली. पट्टीवर तसं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या आकाराच्या अक्षरात. हिरवा ठिपका नाही, तपकिरीही नाही, कारण औषधावर तो लागतच नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. मी तिला हेही सांगितलं की आतलं डी-३सुद्धा बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या तेलकट अंशापासूनच बनतं. तिने विचार केला. "मेंढी मरत नाही ना? मंग चालते." मग कॅप्सूल बोटात धरून म्हणाली, "आन हे?"

मी कंपनीला मेल केला : जिलेटिन कुठल्या जनावराचं आणि एक्सिपियंट्समध्ये काय काय आहे? अकरा दिवसांनी उत्तर आलं की फॉर्म्युला गोपनीय आहे, अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, "हे बघा, माझ्याकडेही हीच पट्टी येते."