औषधखिडकीचा खरा हिशेब

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील औषधनिर्माता म्हणजे खिडकीतून गोळ्या मोजून देणारा इसम, असा समज शासनदरबारी रुजलेला आहे. म्हणूनच त्याचे पद रिक्त राहिले की तेवढा पगार वाचला असे मानले जाते. ही काटकसर फसवी आहे.

अमेरिकेतील ॲशव्हिल या शहराची नगरपालिका आणि तेथील एक रुग्णालय-संस्था यांनी १९९० च्या दशकात आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक प्रयोग केला. औषधनिर्मात्यांनी या रुग्णांना नियमितपणे भेटावे, औषधे तपासावीत, साखर मोजण्यास शिकवावे, गरज पडल्यास डॉक्टरांना कळवावे आणि या श्रमाचा त्यांना मोबदला मिळावा, अशी ही योजना होती. २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधांवरील खर्च वाढला होता. पण एकूण थेट वैद्यकीय खर्च दर रुग्णामागे वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरांनी उतरला होता. तुलनेसाठी निराळा गट नसल्यामुळे या आकड्यांना मर्यादा आहेत. तरीही औषधनिर्मात्यावर केलेल्या खर्चाची परतफेड औषधांच्या रकान्यात शोधून सापडत नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

तेथे बचत मालकाच्या पदरी पडली, कारण बिल तो भरत होता. आपल्याकडे गोळी चुकल्याचे बिल शेतमजूर भरतो. रक्तदाब वाढून तो अंथरुणाला खिळला, तर बुडालेली मजुरी आणि सावकाराचे व्याज कोणत्याही शासकीय ताळेबंदात येत नाही. हा हिशेब मांडणे समाजवाद्यांचे काम आहे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु फुकट मिळालेली गोळी कशी व किती दिवस घ्यायची हे कोणी सांगितलेच नाही, तर ती वायाच जाते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपवला. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरवले. मात्र समोर लांबलचक रांग आणि खिडकीत एकटा माणूस असेल, तर हे कर्तव्य कागदावरच राहणार.

म्हणून आमची मागणी अशी : औषधनिर्मात्यांची पदे कायमस्वरूपी भरा आणि मधुमेह, रक्तदाब व क्षयाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी त्यांना स्वतंत्र जागा व वेळ द्या. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील रुग्णालयात मंजूर पदे किती व भरलेली किती, याची माहिती मागवावी. लढा तेथूनच सुरू होईल.