चुकेल म्हणून थांबू नका

धानाची कापणी सुरू होते, दिवाळी सरते आणि भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीतल्या नटाला या हंगामात उसंत नसते. आज एका गावात प्रयोग, उद्या दुसऱ्या. तालमींना पुरेसा वेळ मिळत नाही. संवाद अडला तर प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. पण ठरलेल्या रात्री पडदा उघडतोच. आज फसलेला प्रवेश उद्याच्या गावात सुधारता येतो.

याउलट, आपल्या ओळखीत असा एखादा कलावंत नक्की असतो, ज्याची चित्रे कपाटातून बाहेर येत नाहीत किंवा ज्याची कथा दहाव्यांदा लिहूनही 'अजून जमली नाही'. आपण त्याला कौतुकाने 'परफेक्शनिस्ट' म्हणतो. माझ्या मते हे कौतुक थांबवायला हवे. अनेकदा ती दर्जाची ओढ नसते, चुकण्याची भीती असते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि 'लोकांना माझ्याकडून तेच हवे आहे' ही समजूत. तिसरा प्रकार मनाला विशेष जाचक. त्याचा नैराश्य आणि चिंतेशी संबंध दिसून आला आहे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील 41 हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या माहितीनुसार 1989 ते 2016 या काळात तिन्ही प्रकार वाढले, आणि सर्वाधिक वाढ याच तिसऱ्याची झाली.

मग दर्जाचा आग्रह सोडायचा का? मुळीच नाही. मेहनत करणारा चूक झाली की ती दुरुस्त करतो. हट्टाला पेटलेला मात्र एका चुकीवरून स्वतःलाच नालायक ठरवतो. त्या धास्तीने काम पुढे ढकलतो, आणि सराव कमी झाल्याने भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायचे तर चुकण्याची थोडी थोडी सवयच करावी लागते.

कामाला तारीख ठरवा आणि त्या दिवशी ते हातावेगळे करा. अपुरे वाटणारे चित्र विश्वासातल्या एका माणसाला दाखवा. काय होईल असे वाटले होते आणि खरोखर काय झाले, हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुधारायची एकच गोष्ट निवडा. पालकांनीही मुलाच्या चित्रातली चूक दाखवण्याआधी त्याला ते काढताना मजा आली का, हे विचारावे.

झोप उडाली, कामच सुटले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र हा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

प्रयोग झाल्याशिवाय तो सुधारणार कसा? झाडीपट्टीतल्या नटाला हे रोज रात्री कळते. घरात बसून कुढणाऱ्या कलावंतालाही ते कळायला हवे.