खोकल्याची बाटली

डोकमर्डीच्या कॉलेजातली पोरं क्रिकेटवर बोलू लागली की पृथ्वी शॉचं नाव निघतंच. वापीहून विरार कितीसं लांब! २०१८ मध्ये राजकोटला पदार्पणातच त्याने १३४ केल्या, तेव्हा तो ‘आपला’ होता. जुलै २०१९ मध्ये बंदी आली, आठ महिन्यांची. वय १९. खोकल्याच्या औषधात टर्ब्युटालिन निघालं होतं. औषध अनवधानाने घेतलं, हे क्रिकेट मंडळानेही मानलं. पण तेवढं वाचायला कोण थांबतं? डिसेंबरात बडोद्याविरुद्ध २०२ ठोकल्या आणि तो पुन्हा ‘आपला’! चूक तीच, शिक्षा भोगून झालेली. बदलल्या त्या फक्त धावा. घरात मूल स्पर्धेत खेळत असेल, तर औषध लिहून घेताना डॉक्टरांना ते आधी सांगा.