शेवाळ: विष नको, निदान हवे

अर्नहेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात ७,५०,००० लिटर खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढतात. घरच्या टाकीत मात्र शेवाळ माजून प्रवाळाला झाकू लागले, की अनेक जण औषधाची बाटली शोधतात. औषधाने शेवाळ मरते. परंतु ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो आणि पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यातच मिसळतात. आम्ही प्रथम कारण पाहतो: उरलेले खाद्य व माशांची विष्ठा यांतून साठणारे नायट्रेट आणि फॉस्फेट. खाद्य मोजके द्यावे, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून त्याने टाकीतील थोडे पाणी नियमित बदलावे, शेवाळ हाताने उपटावे. बाकीचे गोगलगायी चरतात. यास काही आठवडे लागतात. प्रतीत्यसमुत्पाद काचेच्या टाकीतही लागू आहे: कारण सरले, की कार्यही सरते.