हरूनही जिंकलेला सामना

खेळात हार-जीत चालायचीच. पण जिंकूनही घरी बसायची पाळी यावी? अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर ती एकदा नव्हे, तीनदा आली. 1959, 1961 आणि 1962 साली या संघानं आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडं होतं. तरीही संघ गेला नाही. कारण एकच : तिथं कृष्णवर्णीय खेळाडूंशी गाठ पडली असती!

मिसिसिपी राज्यात तसा लेखी कायदा नव्हता, पण अलिखित दंडक मात्र कडक होता. गोऱ्यांच्या संघानं काळ्यांबरोबर खेळायचं नाही. आपल्याकडे एका पंक्तीला न बसण्याचा जो विटाळ, त्याचीच ही मैदानावरची आवृत्ती.

1963 मध्ये संघानं पुन्हा विजेतेपद पटकावलं. या वेळी मात्र प्रशिक्षक बेब मॅकार्थी आणि विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनी ठरवलं, जायचंच. काळ मोठा वाईट होता. त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला म्हणून 1962 च्या शरद ऋतूत दंगल उसळली होती आणि दोन माणसांचा बळी गेला होता. संघ जाणार म्हटल्यावर विरोधक कोर्टात धावले आणि त्यांनी मनाई हुकूम मिळवला.

पण हुकूम हातात पडला तरच बजावला जाणार ना? मॅकार्थी रातोरात मोटारीनं राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत गेले. कोल्व्हार्ड यांनी अलाबामा गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवण्यात आलं. अडवायला कुणी नाही याची खात्री पटल्यावर मुख्य खेळाडू निघाले. चोरी केल्यासारखे ते निघाले, तेही एक सामना खेळण्यासाठी!

समोर होता शिकागोचा लोयोला संघ. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवायचे नाहीत, हा तेव्हाचा रिवाज प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी झुगारून दिला होता. त्यांच्या पहिल्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय होते. या मुलांनाही सुख नव्हतं. प्रेक्षकांच्या शिव्या होत्या, धमकीची पत्रं होती. तरी खेळ असा की, पहिल्याच फेरीत त्यांनी टेनेसी टेकला 111-42 असं लोळवलं.

15 मार्च 1963. मिशिगन राज्यातलं ईस्ट लॅन्सिंग. सामन्याआधी लोयोलाचा कृष्णवर्णीय कर्णधार जेरी हार्कनेस आणि मिसिसिपीचा गोरा कर्णधार जो डॅन गोल्ड मधोमध आले आणि त्यांनी हात मिळवले. छायाचित्रकारांच्या दिव्यांचा एकच लखलखाट झाला. त्या क्षणाचं मोल तिथंच सगळ्यांना उमगलं.

मिसिसिपीनं सुरुवातीलाच 7-0 अशी आघाडी घेतली, पण अखेर लोयोला 61-51 नं जिंकला. मारामारी नाही, वादंग नाही. दोन चांगले संघ खेळले, इतकंच. पण तेवढंच तर सिद्ध व्हायचं होतं!

23 मार्चला अंतिम सामन्यात लोयोलापुढे सलग दोन वर्षांचा विजेता सिनसिनाटी होता. उत्तरार्धात लोयोला 15 गुणांनी मागे पडला. एकही बदली खेळाडू न घेता त्याच पाच जणांनी 54-54 अशी बरोबरी साधली. जादा वेळेत, शेवटच्या क्षणी, हुकून परतलेला चेंडू व्हिक राउसनं उंच उडी मारून बास्केटमध्ये घातला. 60-58!

अजिंक्यपद लोयोलाचं, हे खरं. पण घरी परतलेल्या पराभूत संघाच्या हाती काहीच लागलं नाही, असं म्हणता येईल का? दोनच वर्षांनी, 1965 साली, मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला, तोही दंगलीविना.

हार्कनेस आणि गोल्ड पुढे मित्र झाले. 2011 मध्ये गोल्ड वारले, तेव्हा हार्कनेस अंत्यदर्शनाला गेले. शवपेटीजवळ एक छायाचित्र ठेवलेलं होतं. त्याच हस्तांदोलनाचं. आयुष्यभराच्या कमाईतून गोल्ड यांच्या घरच्यांनी शेवटी निवडलं ते हेच.