तितराची हाक आणि पारध्याचा गळा

होळी झाली की चांदूर बाजारच्या शिवारात तितरांचा आवाज वाढतो. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, संत्र्याचे बगीचे तेवढे हिरवे. भल्या पहाटे धुऱ्यावरच्या बोरीतून एक नर ओरडतो आणि दोन वावरे सोडून दुसरा त्याला उत्तर देतो. आपल्याला ती भूपाळी वाटते. असते ते भांडण. 'ही जागा माझी' असे एकाचे म्हणणे, आणि 'येऊन तर दाखव' असे दुसऱ्याचे.

हे भांडण ज्यांना शब्दन् शब्द कळते, ते आपल्याकडचे फासेपारधी. पाळलेला नर तितर पिंजऱ्यात घालून शिवारात ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फास मांडायचे आणि स्वतः आडोशाला बसायचे. पाहुण्याचा आवाज ऐकून मालक तितर तावातावाने चालून येतो आणि फासात पाय अडकवून घेतो. पाळीव पक्षी बोलेना, तर पारधी स्वतः बोलतो. ही हाक तोंडाने काढणारा एक म्हातारा मी लहानपणी आमच्या धुऱ्यावर पाहिला आहे. दोनदा हाक द्यायची आणि गप्प राहायचे. घाई केली की तितर ओळखतो, असे तो सांगे.

गंमत म्हणजे अमेरिकेतला शिकारी हेच सांगतो. तिकडे वसंतात रानटी टर्कीच्या नरांची शिकार चालते, तीही आवाज काढूनच. फक्त तिथे मादीचा आवाज काढतात. पण निसर्गाचा रिवाज उलटा: नराने ओरडायचे आणि मादीने त्याच्याकडे जायचे. म्हणून मुरलेला नर थोडा पुढे येतो, थांबतो, मादी दिसली नाही की आल्या पावली परततो. अशा वेळी जो गप्प बसू शकतो, तोच खरा शिकारी.

कसब एकच, नशीब मात्र वेगवेगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या अनेक राज्यांतून टर्की नाहीशी झाली होती. १९३७च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, पक्षी पकडून रिकाम्या रानांत सोडले गेले आणि टर्की परत आली. परवाना घेऊन हाक देणारा माणूस तिथे त्या पक्ष्याचा पालक ठरला. आपल्या पारध्याला १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा भोवली. तो कायदा १९५२मध्ये गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. मग १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद झाली.

शिकारबंदी उठवा, असे मी म्हणणार नाही. धुरे नांगरले जाताहेत, गावोगावच्या ई-क्लास जमिनी अतिक्रमणात चालल्या आहेत, फवारणीचे विष वेगळेच. उरलेल्या तितरांना फास परवडणारा नाही. माझी तक्रार इतकीच, की फास काढून घेताना आपण तो गळाही फुकट घालवला. मेळघाटात वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) आपल्या रानविद्येचे श्रेय आदिवासींना आणि पारध्यांना मोकळ्या मनाने देत. आपल्या सरकारी कागदांत मात्र पारधी दिसतो तो आरोपीच्या रकान्यात.

दुसरी वाट नाही असे नाही. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोराचा शोध आणि गवताळ रानांची राखण सुरू केली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांची 'प्रश्नचिन्ह' शाळा पारध्यांच्या पोरांना शिकवते. पण हे सारे संस्थांच्या आणि एकेकट्या माणसांच्या बळावर. वन विभागाने पक्षिगणनेला पहाटे दोन तास एका पारध्याला रोजाने सोबत न्यावे, असा खर्च तो किती? तो हाक देईल, उत्तरे मोजेल, कोणत्या धुऱ्यावर कोण राहतो हे सांगेल. दुर्बीण घेऊन आलेल्या शहरी पोराला दिवसभरात जे दिसणार नाही, ते त्याच्या कानाला सूर्य वर यायच्या आत कळते. त्याचा नातू मात्र आता ती हाक शिकत नाही. शिकून करायचे काय, असे तो विचारतो.